एक वाजून बत्तीस मिनिटं

२ नोव्हेंबर, मंगळवार

बंद करणार! मला बंद करणार — तीस तारखेला, संध्याकाळी पाचला. कागद टेलिफोन ऑफिसच्या फळ्यावर लावलाय, एका टाचणीवर लोंबतोय. ‘वेळ सांगणारी दूरध्वनी सेवा वापराअभावी खंडित करण्यात येत आहे.’ वापराअभावी म्हणे! बावीस वर्षं त्या मशीनमधून दर दहा सेकंदांनी बोलतेय मी. कधी खोकले नाही, कधी रजा टाकली नाही. पण खरंच आहे म्हणा. आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल, त्यात वेळ. मला कोण विचारतंय.

वाईट वाटायला हवं तेवढं वाटलं नाही. घरी जे चाललंय त्यापुढे हे काय! तक्रार खिडकीवर बसले, दिवसभर लोकांचे बंद पडलेले फोन लिहून घेतले. एकानेही आवाज ओळखला नाही. ओळखणार कसा, पार घोगरा झालाय.

४ नोव्हेंबर, गुरुवार

आधी हे लिहिते.

लंबूने चहाच्या वेळी गंमत म्हणून सांगितलं. लंबू म्हणजे मशीन रूमचा तंत्रज्ञ — दारातून वाकून यावं लागतं त्याला. म्हणाला, “बाई, दिवसाला चाळीस फोनसुद्धा येत नाहीत तुमच्या नंबरला. तेही निम्मे चुकून. पण एक पक्कं गिऱ्हाईक आहे हं! रोज दुपारी एक बत्तीसला. रविवार सोडून. मिनिटभर ऐकतो, तेहतीस लागलं की ठेवून देतो. सहा महिने बघतोय, एक दिवस चुकला नाही.”

कप बशीत आपटला माझा. बत्तीस!

बावीस वर्षांपूर्वी, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बूच लावलेल्या खोलीत बसून मी तीन दिवस आकडे वाचले होते. आधी तास, मग एक ते एकोणसाठ मिनिटं, मग सेकंद. सातवा महिना होता. ‘बत्तीस’ म्हणाले आणि पोटात अशी लाथ बसली की श्वासच अडकला — ‘बत्तीस — हं.’ रेकॉर्डिंगवाल्याने परत म्हणायला लावलं. पण मशीनवर चढवताना नेमकं पहिलंच चढवलं! कोणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून दर तासाला बत्तीस मिनिटांनी मी अख्ख्या शहराला ती लाथ ऐकवतेय.

हे घराबाहेर कोणालाही माहीत नाही. ढब्बू शाळेतून दीडला घरी यायचा. तेव्हा माझी सकाळची ड्यूटी, दुपारी मी घरीच. ताट पुढ्यात, रिसीव्हर कानाला. “आई, आली बघ माझी लाथ!” रोज. तोंडात घास आणि वर खदाखदा हसायचं. ठसका लागायचा, मी पाठीत धपाटा घालायचे.

तोच आहे. दुसरं कोण असणार! माझा ढब्बू जिवंत आहे!

५ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही आला. लंबूने काचेतून अंगठा दाखवला.

७ नोव्हेंबर, रविवार

आज फोन नाही. रविवारी उशिरापर्यंत लोळायची सवयच त्याची.

हे दिवसभर घरात. पेपर वाचला, पंख्याची पाती पुसली, परत तोच पेपर वाचला. आमचा अबोला दोन वर्षं दोन महिन्यांचा झाला. फ्रिजवर चिठ्ठ्या लावतो. ‘दूध नासलं.’ ‘दुसरं आणलं.’ ‘न्हाणीघरातला बल्ब गेला.’ ‘लावला.’ एवढ्यावर संसार चाललाय. बरा चाललाय, म्हणजे भांडण नाही!

का बोलायचं मी यांच्याशी? पोरगं नापास झालं. घाबरलं, सांगितलं नाही. वर्षभर रोज डबा घेऊन निघायचं आणि कुठल्यातरी बागेत बसून परत यायचं. हे एक दिवस त्याची विसरलेली छत्री द्यायला कॉलेजात गेले. कारकून म्हणाला, या नावाचा मुलगा यंदा इथे नाहीच. झालं! संध्याकाळी जिन्यात गाठलं त्याला. सगळ्या शेजाऱ्यांची दारं उघडी. “या दारात परत पाऊल ठेवायचं नाही. माझा मुलगा मेला असं समजेन मी.” एका पिशवीत कपडे भरून गेला पोरगा. महिन्याने एक पोस्टकार्ड — ‘बरा आहे. शोधू नका.’ शिक्का पुसट, गाव वाचता येईना. पोलिसांत गेलो तर म्हणाले, वयात आलेला आहे, स्वतःच्या पायांनी गेलाय, आम्ही काय करणार. त्यानंतर काही नाही. एक ओळ नाही. पंचवीस महिने! कुठे बेवारस म्हणून पडला असेल का, इथपर्यंत मनात येऊन जायचं. भाजी चिरता चिरता यायचं.

यांना सांगितलं नाही फोनचं. सांगणारही नाही. तो माझा फोन आहे.

९ नोव्हेंबर, मंगळवार

लंबूच्या हातापाया पडले. “नंबर सांग. कुठून करतो ते सांग.” तो एकदम गंभीर झाला. “बाई, ते सोडून काहीही मागा. कोणाचा नंबर बाहेर दिला तर दुसऱ्या दिवशी मी घरी.” मी हललेच नाही तिथून. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाला, “शहरातलाच आहे. बस्स. यापुढे विचारू नका.”

शहरातलाच! म्हणजे इथे आहे. मी ज्या बसने जाते त्याच बसने जात असेल. आईच्या हाकेच्या अंतरावर राहून आईला हाक मारत नाही!

१० नोव्हेंबर, बुधवार

अर्धी रजा टाकली. बसस्टँडसमोर ओळीने सहा टेलिफोन बूथ आहेत. सव्वाएकपासून तिथे उभी. एक बत्तीसला तीन बूथमध्ये माणसं. पहिल्यात बाई. दुसऱ्यात एक मिशीवाला, बायकोला ओरडत होता — “अगं, कुलूप मी लावलंच नाही, तर किल्ली माझ्याकडे कशी असेल!” तिसऱ्यात पाठमोरा, तोच बांधा, तेच मागचे उभे केस. दार उघडलं मी. त्याने वळून बघितलं. चाळिशीचा कोणीतरी. “काय हवंय?” म्हणाला. काय सांगणार? “किती वाजले?” म्हटलं. मी! मी विचारलं हे!

हसूही आलं आणि तिथेच फूटपाथवर रडूही. एक बाई पाणी देऊन गेली.

लंबू म्हणाला, आज पण आला होता, वेळेवर. म्हणजे या सहांतून नाही. शहरात असे किती बूथ असतील?

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. “सेवा चालू ठेवा.”

“मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण वापर नाही हो.”

“एक माणूस वापरतो.”

“एका माणसासाठी मशीन चालवू?”

“हो.”

हसले ते. वाईट नाही माणूस, पण हसला. मग म्हणाले, बरं झालं आलात, शेवटचे दोन आठवडे सूचना लावायची आहे — सेवा बंद होतेय म्हणून. आवाज तुमचाच शोभेल. माझ्याच तोंडाने माझीच तिरडी! उठून यायला हवं होतं. पण हो म्हटलं. ताबडतोब. कारण सूचना म्हणजे माइक. आणि माइक म्हणजे ढब्बूचा कान.

१४ नोव्हेंबर, रविवार

एक गोष्ट मी इथेही लिहिलेली नाही.

त्या दिवशी जिन्यात, हे ओरडत होते तेव्हा, ढब्बूने माझ्याकडे बघितलं होतं. मी दारात होते, हातात पीठ लागलेलं. चांगलं सरळ माझ्याकडे बघितलं. वाट बघत होता, मी काहीतरी म्हणेन. मी काही म्हटलं नाही. शेजारी ऐकतील, यांचा राग वाढेल, उद्या शांत झाले की बघू — असलं काहीतरी डोक्यात. ‘थांब’ एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द! नाही म्हटला. दुसऱ्या दिवसापासून यांच्याशी बोलणं टाकलं, जसं काही मी त्या जिन्यात नव्हतेच. सगळा दोष यांच्या पदरात टाकून मोकळी झाले.

मोकळी कुठली! जीव जातोय माझा.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

सूचना एका दमात वाचली. ‘ही सेवा तीस तारखेला संध्याकाळी बंद होत आहे.’ लंबू एकटाच होता रेकॉर्डिंगला. म्हटलं, “अजून एक वाक्य घे.” त्याला कळलंच. “बाई, मला दोन पोरी आहेत.” “म्हणूनच तुला सांगतेय,” म्हटलं. त्याने हेडफोन काढला, डोकं खाजवलं, परत घातला. “फक्त बत्तीसच्या मागे चिकटवतो. दोन-तीन दिवस. साहेबांच्या कानावर गेलं तर मी तुम्हाला ओळखत नाही.”

‘ढब्बू, घरी ये. आई वाट बघतेय. कोणी काही बोलणार नाही तुला.’

सात वेळा घ्यावं लागलं. दर वेळी ‘घरी’वर आवाज फाटायचा. शेवटी लंबूने फाटलेलाच ठेवला. मग लावून ऐकवलं. अठ्ठावीस वर्षांची मी म्हणते, ‘एक वाजून बत्तीस — हं’ — आणि पाठोपाठ ही म्हातारी म्हणते, ‘ढब्बू, घरी ये.’ दोन वेगळ्या बायका वाटतात. त्याला तरी ओळखू येईल का?

१७ नोव्हेंबर, बुधवार

आला! एक बत्तीसला आला. आणि तेहतीसला ठेवला नाही! चौतीस, चाळीस, पन्नास — लाइन चालूच. लंबू पण उभा राहिला. दोन वाजून दोनला ठेवला. अर्धा तास ऐकत होता माझं लेकरू!

डोकं दुखतंय सांगून घरी पळाले. दार सताड उघडं टाकून चौकटीत बसले. जिन्यात पाय वाजला की उठून वाकून बघायचं. वरच्या मजल्यावरचे काका. दूधवाला. परत काका. मग हे — नेहमीपेक्षा दोन तास आधी. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतात, कधी लवकर सुटत नाहीत, आज बरी सवड झाली! जेवले नाहीत. दारात माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, जिन्याकडे बघत. त्या दिवशी याच दारातून हाकललंत, आता उभं राहायला लाज कशी वाटत नाही! असं ओरडावंसं वाटलं. मी उठून आत गेले.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

तो आला नाही. फोन आला, तो नाही.

खिडकीवर एक आजोबा आले, हातात काठी. “तुमची वेळवाली बाई चळलीय. साडेनऊला औषध घ्यायचं म्हणून फोन केला, तर मला म्हणते घरी ये! अहो, मी घरीच आहे! आणि ढब्बू कोणाला म्हणते?” मी रजिस्टरमध्ये नीट अक्षरात लिहिलं — ‘वेळेव्यतिरिक्त मजकूर ऐकू येतो.’ “चौकशी करते,” म्हटलं. जाता जाता आजोबा थांबले. “पण काय हो, आवाजात काहीतरी होतं. मी चपला शोधायला लागलो होतो.”

परका माणूस चपला शोधतो. आणि तू?

घरी फ्रिजवर चिठ्ठी. ‘तुला’ — आणि पुढचं सगळं खोडलेलं. इतकं खोडलंय की कागद फाटलाय. तुला काय? तुला काय! लिहायचं नव्हतं तर कागद कशाला वाया घालवायचा?

२० नोव्हेंबर, शनिवार

साहेबांपर्यंत गेलं. “बत्तीस मिनिटांत काय भरलंय हे?” लंबूला मेमो मिळाला. माझं नाव घेतलं नाही त्याने. जुन्या टेपमध्ये बिघाड झाला म्हणाला. दुपारी बाराला माझं वाक्य काढून टाकलं.

एक बत्तीसला फोन आला. नुसती वेळ ऐकली. तेहतीसला ठेवला.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

आठवडा राहिला. ऐकलंस ना तू? अर्धा तास ऐकलंस ना? मग ये की मेल्या! किती छळशील! पाय धरू का तुझे?

‘मेल्या’ लिहिलं मी. खोडते. नाही, खोडलं तरी लिहिलंच. देवा, माझी जीभ झडो.

२४ नोव्हेंबर, बुधवार

ताईचा फोन. तिला सगळं सांगितलं, राहवलं नाही. ती म्हणाली, “अगं, दुसरंच कोणी असेल तर? उगाच आस लावून बसू नकोस.” मी फोन आपटला. पाठची बहीण असती तर ऐकूनही घेतलं असतं, मोठी आहे म्हणून काहीही बोलेल? दुसरं कोण रोज त्याच मिनिटाला फोन करेल? ती आस नाही, तो पुरावा आहे. तेवढ्यावर मी सकाळी उठते. तोही काढून घ्यायचा?

तीस तारखेनंतर कशावर उठायचं, ते माहीत नाही.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

लंबू आपणहून आला. “मंगळवारी साहेब दुपारी मीटिंगला जाणार. एक बत्तीसला या. टेस्ट फोन लावून देतो, त्याच्या लाइनवर तुम्ही स्वतः बोला. मशीन तेवढं बाजूला करतो.” मी त्याच्या गुडघ्याला हात लावला. “अहो, काय हे!” म्हणून मागे सरला, तर दाराची चौकट डोक्याला लागली त्याच्या.

२९ नोव्हेंबर, सोमवार

काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, फाडलं, परत लिहिलं. रागावायचं नाही. रडायचं नाही. ‘का’ विचारायचं नाही. पत्ता विचारायचा का? घाबरेल. नुसतं म्हणायचं — बोलू नकोस, ऐक.

चार दिवस घास उतरत नाही. संध्याकाळी फ्रिजवर चिठ्ठी — ‘जेवत जा.’ चुरगाळून टाकली.

३० नोव्हेंबर, मंगळवार

एक बत्तीसला दिवा लागला. लंबूने फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

“ढब्बू, मशीन नाही. खरीच मी आहे. ठेवू नकोस रे!” मग लिहिलेलं काहीच आठवलं नाही. जिन्यातलं सांगितलं. मी गप्प बसले ते. “बाबांपेक्षा माझं जास्त चुकलं” म्हटलं. पलीकडे नुसता श्वास. मग तो श्वास रडायला लागला.

“अगं,” — आवाज आला — “मी आहे.”

हे.

“रोज?”

“रोज. मालक जेवायला गेले की. घरात तुझा आवाज नाही ना.”

“त्याचा एकही नाही?”

“नाही गं. तू बोलावलंस त्याला, तेव्हा कळलं मला, तू काय समजून बसलीस ते. मग बंद कसा करू? सांगू कसं?”

म्हणजे पोस्टकार्डानंतर काहीच नाही. पंचवीस महिने, काहीच नाही. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. हे म्हणाले, “ठेवू का?”

“नको,” म्हटलं. “बोला.”